आईला दरी बघायची आहे, पन्हाळा सोडून कुठं नेऊ? (कमी चालणं, सोपी वाट)

शाहूपुरी_५वी_गल्ली
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमच्या मावसभावानं अमेरिकेतनं व्हिडिओ पाठवलाय, उटाह राज्यातल्या झायन पार्कातला. तिथं कॅन्यन ओव्हरलुक म्हणून वाट आहे, थोडं चाललं की एकदम पायाखाली दरी आणि समोर लालभडक डोंगर. खाली दीडशहाण्यानं लिहिलंय, 'मावशी, इथं तू पण आरामात येशील.' झालं. आईनं तो व्हिडिओ आठवड्यात चाळीस वेळा बघितला आणि आता म्हणतीय, 'आपल्याकडं असली दरी न्हाई व्हय? ने की मला. मी चालतो.'

आई ७१ वर्षांची, उजव्या गुडघ्याची वाटी बदलून चौदा महिने झालेत. रंकाळ्याला रोज अर्धा तास चालते, सपाटीला काही नाही, पायऱ्या उतरताना मात्र कुरकुर. सोबत बायको, मी आणि सहा वर्षांची पुतणी, जिचे ब्रेक फेल आहेत. गाडी साधी, छोटी. सकाळी निघून जेवायला परत यायचं असं डोक्यात आहे, पण लांबलं तरी चालेल.

पन्हाळा सांगू नका. आईचं माहेर वाघबिळाच्या खालच्या अंगाला आहे, पन्हाळा म्हणजे तिला परसदार.

तांबडा_पांढरा
पन्हाळा.

शाहूपुरी_५वी_गल्ली
भावा शेवटची ओळ वाच की रं.

तांबडा_पांढरा
वाचली. तरीपण पन्हाळा. सज्जाकोठीपर्यंत गाडी जाते, वरनं खाली बघितलं की दरीच आहे, येताना झुणका भाकरी आणि दही. गुडघ्याचा प्रश्नच नाही. आता तर युनेस्कोच्या यादीत पण आलाय, २०२५ पासनं. अमेरिकेतनं लोक येतील बघायला आणि तुम्ही वाघबिळाची माणसं नको म्हणताय.

घाटवाट
सज्जाकोठीला शेवटी जिना आहे साहेब, तेवढं सांगा.

मूळ प्रश्नाकडं. माझ्या डोक्यात तीन नावं येतात. एक गगनबावडा. कोल्हापुरातनं ५५ किलोमीटरच्या आसपास, कळ्यावरनं सरळ रस्ता. गगनगडावरनं खाली कोकण जे दिसतं त्याला तोड नाही, एका बाजूला करूळ घाट एका बाजूला भुईबावडा. पण गडावर पायऱ्या आहेत, बांधलेल्या आहेत, मठामुळं सोय चांगली आहे, तरी पायऱ्या त्या पायऱ्याच. आणि पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तुम्ही पलीकडं अडकला, हे दरवर्षीचं आहे.

दोन, आंबोलीजवळचा कावळेसाद, गेळे गावच्या हद्दीत. गाडीतनं उतरलं की थोडंसं सपाट चालणं आणि समोर कडा, रेलिंग आहे. पावसाळ्यात वारा खालनं वर मारतो आणि धबधब्याचं पाणी उलटं अंगावर येतं, लहान पोरं खुळी होतात. चालण्याच्या हिशोबानं सगळ्यात सोपं हेच. पण कोल्हापूर गडहिंग्लज आजरा आंबोली असं जाऊन येऊन दिवस जातो आणि शनिवार रविवारी तिथं दरी कमी आणि माणसंच जास्त दिसतात. रेलिंगच्या पलीकडं फोटोला उतरणारे पण असतात, तिथनं पडून माणसं गेलेली आहेत. पुतणीचे ब्रेक फेल असतील तर हात सोडू नका.

तीन, दाजीपूरचं कोकण दर्शन. अभयारण्यात आहे, पावसाळ्यात बंद. दिवाळीनंतर विचार करा.

बिनकामाचा
एक शंका. कॅन्यन म्हणजे नदीनं कापून काढलेली खोल घळ, दोन्ही बाजूंना भिंती. आपल्याकडं गगनबावडा काय आणि कावळेसाद काय, हे कडे आहेत, सह्याद्रीची पश्चिमेची धार. अलीकडं घाटमाथा, पलीकडं सरळ कोकण, समोरची भिंत कुठाय? काकूंना व्हिडिओतल्यासारखं पाहिजे असेल तर कडा दाखवून फसवणूक होईल.

तांबडा_पांढरा
काकू भूगोलाचा पेपर तपासायला निघाल्यात व्हय?

बिनकामाचा
हसा. पण खरी घळ बघायची तर कोल्हापूरकरांना सगळ्यात जवळ गोकाक आहे. घटप्रभा नदी ५२ मीटर खाली उडी मारते, घोड्याच्या नालेसारखा कडा आणि पुढं दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती. खडक पण आपला काळा बेसाल्ट नाही, वाळूचा खडक आहे, झायनसारखा. रंग अर्थात तेवढा लाल नाही.

निपाणीकर
गोकाकला +१. संकेश्वरवरनं आत वळायचं. ऑगस्ट सप्टेंबरमध्ये नदीला पाणी असतं तेव्हा आवाजानं बोललेलं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात जाऊ नका, नुसता खडक बघून याल. झुलता पूल आहे, त्यावर सोडतात का ते बघून घ्या, कधी बंद असतो. आणि येताना करदंट, तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई. करदंट आणला नाही तर गोकाकला गेलाय ह्यावर आमच्याकडं कोण विश्वास ठेवत नाही.

वाळवंटातली_सून
माझं माहेर राजारामपुरी, आता नेवाडात असते. तुमच्या मावसभावानं पाठवलेली वाट मी दोनदा केली आहे, एकदा सासूबाईंना घेऊन, म्हणून लिहिते.

व्हिडिओत दिसतं तेवढं ते निवांत नाही. अंतर खरंच कमी आहे, जाऊन येऊन १.६ किलोमीटर, चढ सगळा मिळून ५० मीटर. पण सुरुवातच दगडात खोदलेल्या उंचसखल पायऱ्यांनी होते, रस्त्याच्या कडेलाच. पुढं एका ठिकाणी कड्याला लटकवलेला लाकडी पूल आहे, खाली पाइन क्रीकची अरुंद घळ, इतकी खोल की तळ दिसत नाही. काही ठिकाणी रेलिंग आहे, काही ठिकाणी नाही. आणि त्या गुळगुळीत खडकावर बारीक वाळू साचलेली असते, बूट सरकतो. मधे एक कपारीसारखी सावलीची जागा आहे, तिथं नेचे उगवलेत, वाळवंटात नेचे! सासूबाई तिथंच बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी इथं बरी आहे.

शेवटचं दृश्य मात्र खरं आहे, फसवणूक नाही. खाली नागमोडी रस्ता, समोर वेस्ट टेंपल वगैरे मोठे सुळके. त्या वाटेला लागायच्या आधी नाहीतर नंतर एक मैलाहून लांब बोगदा लागतो, १९३० साली पुरा झालेला, वाट बोगद्याच्या पूर्व तोंडाशी सुरू होते. पार्किंग एवढंसं की आम्ही पहिल्या दिवशी जागा न मिळाल्यानं परत गेलो. पार्कची शटल बस तिथं जात नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी ग्रँड कॅन्यनचा माथर पॉइंट सांगते. गाडीतून उतरून पक्क्या रस्त्यानं काठापर्यंत, व्हीलचेअरसुद्धा जाते.

शाहूपुरी_५वी_गल्ली
वहिनी, फार उपयोगी लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. लाकडी पुलाचं ऐकून म्हणाली, 'मग त्यानं पुलाचं का न्हाई दाखवलं?' आता मावसभावाला व्हॉट्सॲप कॉल लागणार.

पुण्याची_पाहुणी
अवांतर प्रश्न. काकू 'मी चालतो' म्हणाल्या हे टायपो आहे की...?

तांबडा_पांढरा
हे कोल्हापूर हाय ताई. इथं आमच्या आया, मावश्या, आज्या सगळ्या येतो, जातो, जेवतो. व्याकरणाला सांगा आम्ही सांगितलंय म्हणून.

राधाक्का
मी ५८ वर्षांची आहे आणि मी पण चालतो. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा सगळे हसायचे, मग मीच हसायला लागलो. असो. शाहूपुरीकर, तुम्ही सगळे दरीचं बोलाय लागलाय, बाथरूमचं कोण बोलणार? ह्या वयात बाईमाणसाला तोच पहिला प्रश्न असतो आणि ती तो पोराला सांगत नाही, नुसती पाणी पीत नाही दिवसभर. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं उकिडवं बसता येत नाही. रस्त्यात कमोडवालं चांगलं हॉटेल कुठं आहे ते आधी ठरवा, मग पॉइंट ठरवा.

घाटवाट
राधाक्कांना दंडवत. एवढी वर्षं लोकांना जागा सांगतोय, हे डोक्यात आलंच नव्हतं.

गुडघादुखी_स्पेशल
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट न बघता सल्ला द्यायचा नसतो, पण सर्वसाधारण चार गोष्टी. लोक विचारतात 'किती किलोमीटर'. गुडघ्याला किलोमीटरचं एवढं नसतं. जी बाई रंकाळ्याला अर्धा तास चालते ती सपाट पठारावर दोन किलोमीटर सहज जाईल. त्रास होतो तो उताराचा, उंच पायरीचा आणि डगमगत्या दगडाचा. म्हणून विचारायचं ते असं, पायऱ्या किती, त्यांची उंची किती, धरायला कठडा आहे का.

काठी न्या. ऑपरेशन उजव्या पायाचं आहे म्हणजे काठी डाव्या हातात, हे बहुतेक लोक उलटं करतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आणि दगडावर बसवू नका, दगड बुटका असतो, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. डिकीत एक प्लास्टिकची खुर्ची टाका. दिसायला कसं दिसतं ते जाऊ दे.

तांबडा_पांढरा
प्लास्टिकची खुर्ची टाकून दरी बघणारी पहिली कोल्हापूरकर. नाद खुळा. काकूंचा फोटो पाहिजे.

रानफूल
मसाई पठार कोण कसं नाही बोललं? पन्हाळ्याच्या पुढं, म्हाळुंग्यावरनं वर. टेबलासारखं सपाट आहे, वर सगळा जांभा खडक, पायऱ्या नाहीत, चढ नाही. चालत चालत कडेपर्यंत जायचं, एका अंगाला वारणेचं खोरं, दुसऱ्या अंगाला कासारीचं. बिनकामाचा यांच्या व्याख्येत बसत नाही, माहीत आहे. पण आत्ता सप्टेंबर आहे, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, सगळं फुललेलं असतं. देवीचं छोटं देऊळ आहे, पाण्याची तळी आहेत. आणि १६६० च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा चुकवून महाराज विशाळगडाकडं निघाले ते ह्याच पठारावरनं, अजून पावसाळ्यात पोरं ती वाट चालतात.

फक्त एक विनंती. गाडी रस्त्याच्या कडेला लावा, पठारावर घालू नका.

फोर_बाय_फोर
कशाला चालवताय म्हाताऱ्या माणसाला? आम्ही सरळ कड्यापर्यंत गाडी घालतो. गवतच तर आहे.

रानफूल
गवत नाही ते. जांभ्यावर माती बोटभर असते, त्यात ही फुलं येतात, कीटक खाणारी सीतेची आसवं तर नखाएवढी. एकदा चाकाखाली चरा पडला की पाणी त्यातनं वाहतं आणि होती नव्हती ती माती पण जाते. पुढच्या वर्षी तिथं नुसता दगड. मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, ते उगीच नाही.

फोर_बाय_फोर
सगळी गावची गुरं चरतात तिथं, त्यांना सांगा आधी. आणि ट्रॅक्टर जातात ते?

रानफूल
गुरं शेकडो वर्षं चरतायत, तरी फुलं आहेत. तुमच्या टायरला किती वर्षं झाली?

घाटवाट
थांबा थांबा. भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. गाडीचं मात्र रानफूल बरोबर आहेत, आणि निसर्ग सोडला तरी स्वार्थ आहे, धुक्यात कडा कळत नाही. चाललेला माणूस थांबतो, गाडी थांबत नाही.

धुक्यावरनं आठवलं, जुलै ऑगस्टमध्ये ह्या सगळ्या जागा नुसत्या पांढऱ्या असतात. मी गगनगडावर सहा वेळा गेलोय, कोकण दोनदाच दिसलंय. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर सगळ्यात बरा. दुपारनंतर परतीचा पाऊस गडगडतो, उघड्या पठारावर वीज कडाडायला लागली की लपायला झाड नसतं, असलं तरी झाडाखाली थांबायचं नसतं. म्हणून सकाळी लवकर.

गडहिंग्लजचा_गडी
सामानगड पण आहे बरं का. गाडी वर जाते.

बिनकामाचा
दरी आहे का?

गडहिंग्लजचा_गडी
विहिरी आहेत. खोल आहेत.

तांबडा_पांढरा
😂😂 काकूंना विहीर दाखवा, दोन्ही बाजूंना भिंती, व्याख्येत बसतंय.

निपाणीकर
करदंट विसरू नका.

शाहूपुरी_५वी_गल्ली
सगळ्यांचे आभार, काल रविवारी जाऊन आलो. मसाईला गेलो. रिपोर्ट सविस्तर देतो.

सहाला निघायचं ठरलं, साडेसातला निघालो कारण पुतणीला तिचीच खुर्ची पाहिजे होती. मग डिकीत दोन खुर्च्या, एक मोठी एक बारकी. वाटेत आधी हेरून ठेवलेल्या हॉटेलात थांबलो, राधाक्का, तुमचं नाव घेऊन थांबलो, आईनं चहा पण पोटभर प्याला, एरवी बाहेर घोटभर घेते. वर पोचलो तेव्हा दहा फुटांपलीकडं काही दिसत नव्हतं. गाडी रस्त्याकडेला लावली. दोन गाड्या आत पठारावर होत्या, कुणाच्या ते माहीत नाही, फोर बाय फोर साहेबांच्या नसतील.

काठी डाव्या हातात दिली तर आई म्हणाली, मला उजव्या हाताची सवय आहे. तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग 'त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय' म्हटल्यावर घेतली. (फिजिओ मॅडम आहेत की सर ते माहीत नाही, माफ करा.) चालायला मात्र खरंच काही अडचण आली नाही, आमच्यापेक्षा पुढं. मी खुर्च्या घेऊन मागं, बायको पुतणीचा हात धरून. फुलं बघून पुतणी थांबत होती म्हणून ब्रेकचा प्रश्न आपोआप मिटला, प्रत्येक फुलाला नाव विचारत होती आणि मला गेंद सोडून एक पण येत नव्हतं.

एका ठिकाणी आई थांबली आणि म्हणाली, 'हितं ठेव खुर्ची, फुडं कडा हाय.' मला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणते, 'लग्नाच्या आधी कितींदा आल्तो की हितं. मसाईला पायानं यायचो आमी मैतरणी मैतरणी, आई लावून द्यायची भाकरी बांधून.'

म्हणजे दोन आठवडे मी इथं धागा काढून बसलोय, नेवाडापासनं निपाणीपर्यंत माणसं कामाला लावली, आणि ही बाई चाळीस पन्नास वर्षांपूर्वी पायानं येऊन गेलेली आहे. मी म्हटलं, मग घरात मसाईचं नाव काढलं तेव्हा का बोलली नाहीस? तर म्हणते, 'तुमी इचारलं कुटं? तुमी नुसतं गुडघं गुडघं करालता.'

पाऊण तास बसलो. धुकं एकदा कासारीच्या बाजूनं थोडं हललं, खालची उसाची शेतं आणि एक पांढरं देऊळ दिसलं, परत झाकलं. आईनं तेवढ्यात कुठलं गाव कुठं ते बोटानं दाखवून घेतलं. पन्हाळा दिसला नाही, त्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले.

वाळवंटातली_सून
मावसभावाला फोटो पाठवलात की नाही?

शाहूपुरी_५वी_गल्ली
पाठवला. धुक्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली आई, मागं काहीच नाही. त्याचा रिप्लाय आला, 'मावशी दरी कुठाय?' आईनं व्हॉइस मेसेज केला, 'माज्या म्होरं हाय. तुला दिसत न्हाई त्याला मी काय करू?'

बिनकामाचा
म्हणजे कॅन्यन काही बघून झाला नाही. मूळ प्रश्न तसाच आहे.

शाहूपुरी_५वी_गल्ली
तसाच आहे. आणि चूक माझीच, आईला हा सगळा धागा वाचून दाखवला, त्यात करदंट आलं. आता गोकाक पाहिजे. निपाणीकर, धबधब्याजवळ गाडी कुठपर्यंत जाते, आणि काठाला जायला पायऱ्या किती, कठडा आहे का?

राधाक्का
आणि बाथरूम.

निपाणीकर
बुधवारी माझं तिकडं काम आहे. पायऱ्या मोजून सांगतो.